वाचकांचे प्रश्न : बोटीच्या इंजिनाचे कूलर

प्रश्न : आमच्या बोटीला पॉवर स्टिअरिंग बसवत आहोत. डिझेल इंजिनाला ऑइल कूलर आधीपासून आहे. स्टिअरिंगचा कूलर खाऱ्या पाण्याच्या लाइनमध्ये कुठे घ्यावा आणि तेलाची कोणती नळी त्याला जोडावी? पाण्याचा होज ३२ मिमीचा आहे.
— एक बोटमालक, दिवाळे, बेलापूर

उत्तर : तेलाचं आधी बघू, कारण तिथली चूक धोक्याची आहे. कूलर स्टिअरिंग तेलाच्या टाकीकडे परतणाऱ्या रिटर्न नळीवरच लावा. स्टिअरिंग पंपातून निघणाऱ्या प्रेशर नळीत ७० बारच्या वर दाब जाऊ शकतो. साधा कूलर तेवढा दाब सोसत नाही. तो फुटला की गरम तेल थेट एक्झॉस्टवर उडू शकतं.

पाण्याचा क्रम असा ठेवा : सीकॉक (बोटीत बाहेरचं पाणी घेणारा कॉक), स्ट्रेनर (गाळणी), पाण्याचा पंप, स्टिअरिंग कूलर, इंजिन ऑइल कूलर, हीट एक्स्चेंजर (इंजिनात फिरणारं पाणी गार करणारा) आणि शेवटी एक्झॉस्ट एल्बो (धुराच्या नळीचं वळण). स्टिअरिंगच्या तेलाची उष्णता थोडी असते, त्यामुळे पुढच्या कूलरला पाणी जवळजवळ गारच मिळतं. काही इंजिनांवर हा कूलर पंपाच्या आधी असतो. आपल्या खाडीत मात्र ते टाळावं असं आमचं मत आहे. ओहोटीला बोट चिखलावर बसते, स्ट्रेनर गाळाने आणि प्लॅस्टिकने भरतो, पंपाला पाणी ओढणं तसंही जड जातं. त्यात ओढीच्या बाजूला आणखी एक अडथळा कशाला? स्ट्रेनर ते पंप हा होज तारेचाच हवा, साधा होज ओढीने चपटा होतो.

कूलरचं पाण्याचं तोंड ३२ मिमीचंच घ्या. १९ मिमीचा कूलर रिड्यूसर लावून बसवला, तर पाणी सगळ्या इंजिनालाच कमी पडेल. पाणी खालून आत आणि वरून बाहेर जाऊ द्या, म्हणजे हवा अडकत नाही; तेल उलट दिशेने. होजच्या प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प लावा, तेही ३१६ स्टेनलेसचे. तेलाच्या जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

शेवटी हवा काढा. इंजिन आयडलवर ठेवून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा, टाकीत तेल भरत राहा. टोकाला चाक धरून ठेवू नका. जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल झपाट्याने तापतं. जोडणी बरोबर असूनही तेल गरम होत असेल, तर आधी ही सवय तपासा.

प्रश्न : स्टिअरिंगचं तेल दुधाळ झालंय. कूलर फुटला का?
— ऐरोलीहून

उत्तर : टाकीतलं थोडं तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी स्वच्छ दिसलं तर नुसती हवा होती, म्हणजे टाकीतली पातळी आणि स्टिअरिंग पंपाकडे येणाऱ्या नळीचे जोड बघा. तसंच दुधाळ राहिलं तर पाणी आहे. रिटर्न नळीत दाब अगदी कमी असतो, म्हणून पाण्याच्या पंपानंतरच्या कूलरला भोक पडलं की इंजिन चालू असतानाच पाणी तेलात शिरतं. इंजिन ऑइल कूलरचं उलट असतं : चालू इंजिनात तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त, म्हणून तेल पाण्यात जातं आणि एक्झॉस्टच्या पाण्यावर तवंग दिसतो. इंजिन बंद झाल्यावर पाणी तेलात झिरपू शकतं. खात्रीसाठी कूलर काढा, तेलाचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून २ बार हवा द्या आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर कूलर बदला. नुसतं तेल बदलून भागणार नाही. टाकी, नळ्या, सिलिंडर सगळं धुवा, खारं पाणी स्टिअरिंग पंपाला आतून गंज चढवतं.

प्रश्न : इम्पेलर तुटला होता, नवा घातला. तरी इंजिन तापतं.
— चेंदणी कोळीवाडा, ठाणे

उत्तर : जुन्या इम्पेलरची (पाण्याच्या पंपातल्या रबरी चाकाची) पाती मोजा. जेवढी कमी भरतील तेवढे तुकडे लाइनमध्ये आहेत, आणि बहुतेक वेळा ते पंपानंतरच्या पहिल्याच कूलरच्या तोंडाशी सापडतात. होज काढून चिमट्याने ओढा. पाण्याच्या जोराने पुढे ढकलू नका, ते हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत रुततात. कूलर उघडलाच आहे तर त्याला गंजापासून वाचवणारी झिंकची कांडीही बघा. निम्मी झिजली असेल तर बदला.