रोज पायरीवर पडलेल्या दारुड्यात 'देवाचं रूप' कसं पाहायचं?

तुम्ही लिहिलंय की फोंड्याला तुमच्या दुकानाच्या पायरीवर एक माणूस रोज सकाळी दारू पिऊन पडलेला असतो. तुमची ख्रिस्ती मैत्रीण म्हणते, प्रत्येकात देवाचं रूप आहे. तुम्हाला मात्र त्याला बघून किळस येते, आणि आपल्यातच काही कमी आहे का असं वाटतं.

तुमच्यात काही कमी नाही. मी कॅथलिक आहे, माहेर सावंतवाडीचं, लग्न होऊन म्हापशाला आले त्याला 22 वर्षं झाली. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला, हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे आणि ते मला शाळेपासून पाठ होतं. पाठ असून कधी दिसलं मात्र नव्हतं. दिसलं ते एका म्हाताऱ्याची नखं कापताना.

आम्ही काही बायका शनिवारी एका वृद्धाश्रमात जातो. तिथे एक आजोबा होते, जन्मभर बोटीवर कुक. कुणी जवळ गेलं की 'वच हांगाच्यान!' (जा इथून!) म्हणून कोंकणीत ओरडायचे, ताट भिरकवायचे. मुलं येत नव्हती, आणि का येत नसावीत हे त्यांच्याकडे बघून कळायचं. एका शनिवारी सिस्टरनी माझ्या हातात नेलकटर दिला आणि म्हणाल्या, 'आज त्यांचे पाय तू बघ.' मला पळून जावंसं वाटलं. प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं, त्यांचा उजवा पाय उचलून आत ठेवला. त्यांनी शिव्या दिल्या, पण पाय काढला नाही. नखं शिंगासारखी जाड झाली होती, अंगठ्याचं तर वळून मांसात रुतलं होतं. एवढं दुखत असणार, आणि आम्ही आठ महिने त्यांना तिरसट म्हणत होतो! भिजू दिलं, कडेने थोडं थोडं कापलं, टाचेच्या भेगांना खोबरेल लावलं. अर्धा तास गेला असेल. उठायला लागले तर त्यांनी डावा पाय पुढे केला आणि हळूच विचारलं, 'आनी हो?' म्हणजे, आणि हा?

त्यानंतर ते काही गोड झाले नाहीत. पुढच्या शनिवारी परत ओरडले. पण मला आता त्यांच्या ओरडण्यामागचा अंगठा माहीत होता.

म्हणून माझं उत्तर असं की आधी मोल दिसेल आणि मग प्रेम करता येईल, या आशेवर थांबू नका. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. लूकच्या 10व्या अध्यायात येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तुमच्या मैत्रिणीला विचारा. वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला याजक म्हणजे मंदिराचा पुजारी बघतो, लेवी म्हणजे मंदिराचा सेवक बघतो, दोघेही दुसऱ्या बाजूने निघून जातात. तिसरा शोमरोनी, म्हणजे यहुद्यांचा वैरी समाज. तो मात्र जवळ येतो, त्याला कळवळा येतो, तेल आणि द्राक्षारस घालून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दोन दीनार देतो. दीनार म्हणजे मजुराची दिवसभराची मजुरी. तिघांनाही तोच माणूस दिसला होता. जवळ आला तो एकच. पडलेला माणूस चांगला होता की वाईट, हे गोष्टीत कुठेच सांगितलेलं नाही, आणि मला ते फार मोठं वाटतं.

आपल्या गोव्याच्या मातीतही असा माणूस झाला. संत जोसेफ वाझ, 1651 साली बाणावलीला जन्मले, 1687 मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेला गेले. कँडीच्या राजाने पोर्तुगिजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकलं होतं. 1697 मध्ये त्याच कँडीत देवीची साथ आली. ज्यांना जमलं ते शहर सोडून पळाले, रोग्यांना रानात टाकून दिलं. वाझ आणि त्यांचा भाचा त्या रोग्यांना खाऊपिऊ घालत, जखमा धूत राहिले. कोण कुठल्या धर्माचा हे त्यांनी पाहिलं नाही. 2015 मध्ये कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

आणि हेही सांगते, कारण लपवणं बरं नाही. त्याच गोव्यात चर्चमधल्या कोंफ्रारी, म्हणजे भाविकांचे संघ, जातीनुसार वेगळ्या होत्या, बामण (ब्राह्मण), चारडो (क्षत्रिय), सुदीर (शूद्र) हे भेद बाप्तिस्मा घेऊनही राहिले. एका देवळात गुडघे टेकणाऱ्यांनी एकमेकांना कमी लेखलं. याची मला लाज वाटते. शिकवण माहीत असणं आणि जवळ जाणं यात किती अंतर असतं, ते यातून कळतं.

आता तुमच्या पायरीबद्दल. पैसे देऊ नका, ते गुत्त्यावर जातील. अंगावर धावून येत असेल, शिवीगाळ करत असेल तर लांब राहा आणि माणसं बोलवा. प्रेम म्हणजे मार खाणं नव्हे. सकाळी तो हलवूनही जागा होत नसेल, तर त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही, आणि 108 ला फोन करा. पाणी जबरदस्तीने पाजू नका.

तो शुद्धीत असेल तेव्हा मात्र झाडू घेऊन उठवण्याआधी त्याचं नाव विचारा. रोज दिसणाऱ्या या माणसाचं नाव तुमच्या प्रश्नात कुठेच नाही, तुम्हाला बहुतेक ते माहीतच नसावं. नाव कळलं की त्या नावाने हाक मारा, 'राव'सारखं मानाचं 'बाब' जोडून. पहिल्या दिवशी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी शटर वर करताना परत विचारा, आणि चहा घेत असाल तर त्यालाही एक कप द्या.