शिकवणं नकोसं झालंय, नोकरी सोडू का?

“शाळेचं नाव काढलं तरी जीव नकोसा होतो. इतकी वर्षं आवडीनं शिकवलं, आता रोज सकाळी वाटतं, राजीनामा टाकावा.” पश्चिम महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या एका शिक्षिका हे सांगत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय पंचेचाळिशीचं, शाळा द्विशिक्षकी, मुख्याध्यापकपदाचा प्रभारही त्यांच्याकडेच.

अशा तक्रारीत आधी शरीर तपासून घ्यायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं, थायरॉइडचं काम मंदावलं किंवा बी-१२ कमी पडलं, तर आवडीचं कामही ओढत न्यावं लागतं. मॅडमचं हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं, तेव्हा डॉक्टरांकडे उपचार सुरू झाले. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर नैराश्याचीही तपासणी हवी. तशी लक्षणं त्यांना नव्हती. नातवंडाशी खेळताना त्या खुलत होत्या.

मग कोणतं काम शोषून घेतं आणि कोणतं भरून देतं, हे शोधायला वही. चौदा दिवस, जागेपणी दर दोन तासांनी मोबाइलचा गजर आणि एकच ओळ: काय केलं, कोणासोबत, आणि संपल्यावर कसं वाटलं. त्यापुढे उणे दोन ते अधिक दोन यांतला एक आकडा. ‘संपल्यावर’ हा शब्द महत्त्वाचा. रील बघताना बरंच वाटतं, अर्ध्या तासानं फोन ठेवला की डोकं जड झालेलं असतं. फिरायला निघताना जिवावर येतं, परतल्यावर हुशारी वाटते. करतानाचा आकडा लिहिला की वही चुकीचंच सांगते.

पहिल्या तीन-चार दिवसांत बहुतेकांची गाडी अडते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे रात्री झोपताना दिवसभराचं एकदम लिहिणं. दिवसातला सर्वांत वाईट प्रसंग आणि शेवटचा तास हेच लक्षात राहतात, मधलं चांगलं पुसलं जातं. दुसरं, मोठं गाठोडं लिहिणं. मॅडमनी सुरुवातीला लिहिलं होतं: ‘शाळा, उणे दोन’. त्यातून काहीच हाती लागत नाही. परिपाठ, दुसरीचं वाचन, पोषण आहाराची नोंद, पालकांशी बोलणं, केंद्रप्रमुखांचा (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा) फोन हे सगळं वेगळं लिहायला सांगितलं. घरचंही तसंच. ‘सासूबाई, उणे एक’ असं लिहायचं नाही, कोणतं काम आणि कोणती वेळ ते लिहायचं.

दुसऱ्या आठवड्यात चित्र पालटलं. मुलांसोबतच्या जवळजवळ प्रत्येक ओळीपुढे अधिकचा आकडा होता. पाय दुखत असतानाही. दमणं आणि आटून जाणं वेगवेगळं असतं, हे इथे कागदावर दिसलं. उणे दोन होते ते व्हॉट्सॲपवर ‘माहिती तातडीने पाठवा’ असा निरोप आल्यानंतरचे. त्यातही बारकावा होता: तीच माहिती शाळा सुटल्यावर भरली तेव्हा आकडा शून्य होता. म्हणजे कागदकामापेक्षा जास्त त्रास तास मोडण्याचा होता. दुसरीची मुलं जोडाक्षरं वाचत असताना फोन वाजला की लय तुटते, मुलं भरकटतात, माहितीही घाईत चुकते आणि पुन्हा मागितली जाते.

यावर एकदम दहा बदल करायचे नाहीत. एका वेळी एक, आठवडाभर. पहिला: मधल्या सुट्टीपर्यंत मोबाइलचा डेटा बंद, माहिती मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर अशी दोनदाच पाठवायची. केंद्रप्रमुखांना हे आधी सांगून ठेवलं आणि खरंच तातडीचं असेल तर साधा फोन करायची विनंती केली. दुसरा: वारंवार विचारले जाणारे आकडे, म्हणजे वर्गवार, प्रवर्गवार पटसंख्या, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), खोल्या, शौचालयं, एकाच पानावर लिहून ते फोनमध्ये ठेवले. तिसरा बदल सगळ्यांत उपयोगी पडला. सोबतच्या तरुण सरांना संगणकावर बसणं मनापासून आवडतं, परिपाठ आणि बालसभा घेताना मात्र ते आखडतात. दोघांनी कामं बदलून घेतली. सह्या आणि अंतिम जबाबदारी मॅडमकडेच राहिली. एकाला शोषून घेणारं काम दुसऱ्याला भरून देणारं असू शकतं, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही. बहुतेक जण विचारतच नाहीत, कारण ‘मला जमत नाही’ असा त्याचा अर्थ निघेल ही भीती.

काही कामं टळत नाहीत. मतदार यादीचं काम त्यांपैकी. अशा कामाला लागून भरून काढणारं काहीतरी ठेवायचं. वहीत गुरुवारचं भजन दोन्ही वेळा अधिक दोनवर होतं, आणि ‘वेळ नाही’ म्हणून मॅडम नेमकं तेच सोडायच्या बेतात होत्या. यादीच्या दिवसांतही भजन चुकवायचं नाही, एवढं ठरलं.

राजीनाम्याचा निर्णय तीन महिने पुढे ढकलला. तोवर रक्तही पुन्हा तपासून होईल आणि आणखी एका आठवड्याची वही लिहून होईल. परीक्षेचा किंवा गणपतीचा आठवडा मात्र त्यासाठी घ्यायचा नाही, कारण त्या दिवसांचे आकडे नेहमीच्या दिवसांचे नसतात. त्या नव्या वहीत मुलांसोबतचे तासही उणे दिसू लागले, तर बदलीचा किंवा नोकरी सोडण्याचा विचार पुन्हा समोर ठेवता येईल.