प्रोग्रेसिव्ह एरा (अमेरिकेतला साधारण १८९० ते १९२० चा सुधारणांचा काळ) वाचताय? आधी ट्रँगलची आग वाचा
अरे कायद्यांची यादी पाठ करत बसू नकोस, डोक्यात काही राहत नाही. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्यापासून सुरू कर. २५ मार्च १९११, शनिवार, सुट्टी व्हायच्या वेळेला आग लागली, नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद, बंबाची शिडी जेमतेम सहाव्यापर्यंत पोचली, मुली खिडक्यांतून उड्या टाकत होत्या, १४६ जीव गेले रे, बहुतेक परदेशातून आलेल्या कोवळ्या पोरी. माझा तर अजून जीव तुटतो. आणि न्यूयॉर्कच्या कपडे शिवणाऱ्या कामगार मुलींचा १९०९ चा संप सोडू नकोस हं, याच कारखान्यातल्या मुली त्यात होत्या. फ्रान्सिस पर्किन्स या समाजसेविकेनी ती आग डोळ्यांनी पाहिली, पुढे कारखान्यांच्या चौकशी आयोगाचं काम केलं, १९३३ ला थेट अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या. हा धागा धरलास की कारखाना कायदे आपोआप डोक्यात बसतात.