वाचक विचारतात : सक्तीची लष्करी सेवा आणि विवेकाचा नकार

प्रश्न : सैन्यात जाणे सक्तीचे असलेल्या देशांत काही तरुण सदसद्विवेकबुद्धीचे कारण देऊन शस्त्र हाती घेण्यास नकार देतात. हा नकार तत्त्वाचा की अंग चोरण्याची पळवाट, हे कोण आणि कसे ठरवते? शिवाय त्यांना सैन्याऐवजी करावी लागणारी पर्यायी सेवा ही प्रत्यक्षात शिक्षाच नसते काय?

उत्तर : ठरवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले, आणि त्यांचा अनुभव फारसा चांगला नाही. ब्रिटनने १९१६ मध्ये सक्तीची भरती सुरू केली, तेव्हा विवेकाच्या आधारे सूट मागण्याची तरतूद कायद्यातच होती. मात्र त्यासाठी न्यायाधिकरणापुढे उभे राहावे लागे, आणि तेथे ‘जर्मन सैनिक तुमच्या बहिणीवर चालून आला तर काय कराल?’ हा ठरलेला प्रश्न येई. ‘त्याला अडवीन’ म्हणावे तर तत्त्व खोटे, ‘अडवणार नाही’ म्हणावे तर माणूस भेकड. अशा परीक्षेत हजरजबाबी माणूस तरतो आणि अबोल माणूस बुडतो, मग श्रद्धा कोणाचीही खरी असो. लष्करी हुकूम न मानणाऱ्या काहींना तर फ्रान्सला नेऊन त्यांपैकी ३५ जणांना मृत्युदंड सुनावण्यात आला, जो पुढे दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला गेला.

भेकडपणाचा आरोप मला तरी पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील अशाच ३६ नकारकर्त्यांनी मिनेसोटा विद्यापीठातील प्रयोगासाठी सुमारे सहा महिने अर्धपोटी राहणे स्वेच्छेने पत्करले. उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे त्यातून शिकायचे होते.

स्वित्झर्लंडने २००९ पासून विवेकाची तोंडी तपासणीच बंद केली. लष्करी सेवेच्या दीडपट काळ नागरी सेवा करण्याची तयारी हाच तेथे पुरावा मानला जातो, आणि मन वाचण्याचा आव आणण्यापेक्षा हे मला अधिक प्रामाणिक वाटते.

तुमच्या दुसऱ्या शंकेत मात्र तथ्य आहे. दक्षिण कोरियात २०१८ च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालापूर्वी नकार देणाऱ्याला तुरुंगवास होई. २०२० पासून पर्यायी सेवा मिळाली, पण ती ३६ महिन्यांची, म्हणजे पायदळातील सेवेच्या दुप्पट, आणि तीही तुरुंगातच राहून तेथील कामे करण्याची. याउलट जर्मनीत, जेथे हा हक्क १९४९ च्या राज्यघटनेतच आहे, रुग्णालये आणि वृद्धाश्रम पर्यायी सेवेतील तरुणांवर इतके विसंबून राहिले की २०११ मध्ये सक्ती स्थगित होताच सरकारला ऐच्छिक सेवेची नवी योजना उभी करावी लागली.

खरा अडसर वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘युद्धच नको’ म्हणणाऱ्याला कायदा वाट देतो. ‘हे युद्ध अन्याय्य आहे, म्हणून यात नको’ म्हणणाऱ्याला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हिएतनाम युद्ध चालू असताना, १९७१ मध्ये, सूट नाकारली.