मैदानात उतरणाऱ्या, चर्चच्या नव्या पाळकाला

आगमनकाळात, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या दिवसांत, वस्तीतल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू करतोयस, छान. पण पहिल्याच दिवशी प्रवचन झोडू नकोस, निम्मी पांगतील. आधी नावं पाठ कर. आणि बाकावर बसलेल्या पोराकडे जास्त बघ; गोल मारणाऱ्याचं कौतुक करायला सगळी वस्ती असते.

30 नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारपासून नाताळापर्यंत चारच रविवार, त्यात कॅरल, नाटक, कमिटीच्या मीटिंगा. स्पर्धा-बिर्धा भरवायच्या फंदात पडू नकोस. आठवड्यातून एक संध्याकाळ, ठरल्या वेळी, बास.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो म्हणतो, दोन अंगरखे असतील त्याने नसणाऱ्याला एक द्यावा. चर्चमध्ये मंडळीसमोर हे वाच आणि घरोघरी लहान झालेले बूट मागून घे. सगळ्यांसमोर मात्र वाटू नकोस. गोलपोस्टमागे पिशवी ठेव, ज्याला हवेत तो माप बघून घेईल. बूट घेतले म्हणून त्याने उपासनेला यावं, अशी अपेक्षा धरू नकोस. इतर धर्मांच्या पोरांच्या आईवडिलांना आधीच भेटून घे.

शिट्टी दुसऱ्या कुणाकडे तरी दे. पेनल्टीवरून जुंपली की रुसलेल्याच्या घरी तुलाच जायचंय.