क्लास हवा, कार्यक्रम नको

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची असून तीन वर्षांपासून कथक शिकते आहे. गेल्या वर्षी क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात ती तिहाईला चुकली. बाकीच्या मुली थांबल्या तरी हिचे पाय चालूच राहिले आणि प्रेक्षकांत हशा पिकला. आताही ती क्लासला आनंदाने जाते, पण कार्यक्रमात नाचणार नाही म्हणते. ह्यांचे म्हणणे असे की, चार मिनिटांच्या नाचासाठी कपडे, मेकअप आणि सभागृहाची वर्गणी एवढा खर्च कशाला, घरी नाचली तरी तेच. तिने भाग घ्यावा असे मला मनापासून वाटते. मी आग्रह धरावा का?
– एक आई, ठाणे

प्रिय भगिनी,

चूक झाल्यानंतरही तुमची मुलगी आनंदाने क्लासला जाते, ही तुमच्या पत्रातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आहे. तिला नाच नकोसा झालेला नाही, तो हशा नकोसा झाला आहे. म्हणून सक्ती करू नका. पण तिचा पहिला नकार हाच शेवटचा निर्णय, असेही लगेच मानू नका.

‘घरी नाचली तरी तेच’ हे तुमच्या यजमानांचे म्हणणे मला पटत नाही. क्लासमध्ये आणि घरी मुली बहुधा ध्वनिमुद्रित लेहऱ्यावर, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणाऱ्या सुरावटीवर, नाचतात आणि तो लेहरा ठरवलेल्या लयीत तसूभरही न हलता चालू राहतो. कार्यक्रमात तबलजी आणि हार्मोनियमवाले समोर बसलेले असतील, तर रंगात आल्यावर लय किंचित चढते आणि पाठ केलेला तुकडा जिवंत लयीत बसवण्यासाठी मुलीला कान उघडे ठेवून नाचावे लागते. शेजारणीशी अंतर राखायचे, आपली जागा सोडायची नाही आणि सोळा मात्रांचे आवर्तन संपून सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, आली की सगळ्यांनी एकदम तिथे पोहोचायचे, हे आरशासमोर एकटीने शिकता येत नाही. शिवाय क्लासमध्ये चुकले की ताई थांबवतात आणि पुन्हा पहिल्यापासून घेतात. रंगमंचावर मात्र चूक तशीच मागे टाकून पुढच्या समेला सामील व्हावे लागते. नऊ वर्षांच्या मुलीला हा अनुभव शाळेत फारसा मिळत नाही, आणि नृत्याच्या परीक्षेतही नाही, कारण तिथे समोर परीक्षक आणि गुणपत्रक असते. त्यासाठीच वार्षिक कार्यक्रम हवा, असे माझे ठाम मत आहे.

आता त्या चुकीकडे वळू. तिहाईत एकच पल्ला, म्हणजे बोलांचा एकच गट, तीनदा येतो आणि तिसऱ्या पल्ल्याचा शेवटचा ठोका समेवर पडतो. पहिला पल्ला एका मात्रेने उशिरा उचलला गेला, तरी शेवटी ती मुलगी एकटीच मागे उरते आणि ते सगळ्या सभागृहाला दिसते. तुमच्या मुलीचे असेच झाले असावे. यावर उपाय पायांत नसून पढंतीत, म्हणजे नाचाचे बोल तालात तोंडाने म्हणण्यात, आहे. रोज दहा मिनिटे तिला हाताने तीनतालाची टाळी-खाली धरून, म्हणजे पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर टाळी न वाजवता हाताने ‘खाली’ दाखवून, तोच तुकडा तोंडाने म्हणायला सांगा. तुम्हाला कथक येत नसले तरी शेजारी बसून तिच्याबरोबर टाळी द्या. बोल अडखळत नाहीसे झाले की पायही अडखळत नाहीत. चुकल्यावर काय करायचे, हेही ताईंनी मुलींकडून मुद्दाम करून घ्यायला हवे: थांबायचे, ताठ उभे राहायचे, चेहरा पडू द्यायचा नाही आणि पुढच्या आवर्तनात मिसळायचे. वरच्या वर्गातल्या मुलींना हे जमते, कारण त्याही कधीतरी रंगमंचावर चुकलेल्या असतात.

एक प्रश्न थोडा स्पष्टपणे विचारते. गेल्या वर्षीचा तो प्रसंग घरात गंमत म्हणून सांगितला जातो का? पाहुणे आले की मोबाइलवर तो व्हिडिओ लावला जातो का? मोठ्यांच्या दृष्टीने त्यात कौतुकच असते. पण तो हशा तिला त्याच सभागृहात पुन्हा उभी करतो. तसे होत असेल तर आजपासून बंद करा. या वर्षी ती नाचली, तर कृपा करून चित्रीकरणाचे काम दुसऱ्या कोणावर तरी सोपवा, म्हणजे तिने पाहिले की तिला मोबाइल न दिसता तुमचा चेहरा दिसेल.

इतके करूनही ती नकोच म्हणाली, तर ताईंना विचारा की दुसऱ्या गटाच्या एखाद्या तुकड्यासाठी तिला तबल्याशेजारी बसून पढंत करता येईल का. कथकमध्ये पढंत हा सादरीकरणाचाच भाग आहे, त्यामुळे तिला दुय्यम काम दिल्यासारखे वाटणार नाही आणि रंगमंचाची ओळखही सुटणार नाही.

खर्चाबाबत मात्र तुमच्या यजमानांचे म्हणणे मी बाजूला सारणार नाही. कपड्यांचा थाट मोठा आणि शिकवलेले थोडेच, असे कार्यक्रम होतात आणि तिथे पालकांनी प्रश्न विचारलेच पाहिजेत. गेल्या वर्षीचा पोशाख उसवून वाढवता येईल का, भाड्याने मिळेल का, मेकअप घरी केला तर चालेल का, हे संकोच न करता विचारा. चांगल्या शिक्षिकेला त्यात काहीही वावगे वाटत नाही. कथक नृत्यांगना रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात ‘नृत्यभारती’ ही नृत्यसंस्था सुरू केली, त्या काळी मध्यमवर्गीय घरातल्या मुलीने रंगमंचावर नाचणे अनेकांना रुचत नव्हते. त्या पिढीने आपल्या मुलींसाठी मिळवलेली ही जागा निव्वळ पोशाखाच्या खर्चामुळे सुटू नये, असे मला फार वाटते.

ताईंशी बोलणे येत्या आठवड्यातच उरका. रांगा आणि जागा एकदा ठरल्या की रंगीत तालमीच्या तोंडावर एक मुलगी गळली, तरी सगळ्या गटाची मांडणी नव्याने बसवावी लागते. तोवर निर्णय झाला नाही, तर तिला सरावाला जाऊ द्या आणि ‘नाही’ म्हणण्याची शेवटची तारीख ताईंकडून ठरवून घेऊन ती मुलीलाही सांगा.