त्रास नाही, तरी पीएसए करायची?

प्रश्न : वडिलांना ६२व्या वर्षी प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. मी ४७ वर्षांचा आहे, लघवीची काहीच तक्रार नाही. तरी तपासणी करावी का?

उत्तर : हो, आणि आताच. वडील किंवा सख्ख्या भावाला हा आजार असेल तर धोका साधारण दुप्पट होतो. म्हणून ४५ पासूनच डॉक्टरांशी बोलावं. त्रासाची वाट पाहू नका. हा कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, मूत्रमार्गापासून दूर सुरू होतो. त्यामुळे लघवी अडायची वेळ येईपर्यंत तो बराच वाढलेला असू शकतो.

पीएसए ही साधी रक्ततपासणी आहे; प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं एक प्रथिन रक्तात किती आहे ते ती मोजते. उपाशीपोटी जावं लागत नाही. पण आधीचे दोन दिवस सायकलिंग आणि वीर्यस्खलन टाळा. लघवीत जंतुसंसर्ग झाला असेल तर बरं झाल्यावर सहा आठवडे थांबा, नाहीतर आकडा उगाच फुगतो. उलटही घडतं, आणि ते जास्त घातक: केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइड घेत असाल तर काही महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो. २.५ चा रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसतो, प्रत्यक्षात तो ५ धरायला हवा. ही गोळी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आकडा ४ च्या वर गेला म्हणजे कर्करोगच, असं मुळीच नाही. वयोमानाने ग्रंथी वाढल्यानेही तो चढतो. काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात, मग एमआरआय, आणि त्यात संशय आला तर बायोप्सी. कमी धोक्याचा कर्करोग निघाला तर पुष्कळदा ऑपरेशन न करता ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय करत नुसतं लक्ष ठेवलं जातं.